दोन्ही डाव्या

रेनॉल्डने काळी रबरी मॅट दुकानाच्या फरशीवर टाकली, तिच्यावर बुटांसकट उभा राहिला, खाली उतरला आणि पुन्हा उभा राहिला. गाडीची मॅट घ्यायला आलेलं गिऱ्हाईक सहसा ती अंगठ्याने दाबून बघतं, नाकाजवळ नेतं, थोडी घासाघीस करतं आणि गुंडाळून घेऊन जातं. हा माणूस मघापासून तिच्यावर नुसती चढउतार करत होता.

“पसंत पडली का?” मृणालिनीबाईंनी विचारलं.

“चांगली आहे.”

“मग बांधू?”

“नाही, म्हणजे नुसतीच चांगली आहे.”

मृणालिनीबाईंनी चष्मा वर सरकवला. गिरगावातली खोली सोडून भाईंदरला फ्लॅट घेतल्यावर त्यांचे यजमान आत्माराम सकाळी बँकेत जायचे ते दिवे लागल्यावर यायचे. दिवसभर चार भिंतींकडे बघत बसण्यापेक्षा त्यांनी केबिन रोडवर सीट कव्हरचं हे दुकान थाटलं होतं. शाळेत प्रवेश द्यायचा असावा तशी प्रत्येकाची चौकशी करण्याची त्यांना सवय होती. गिऱ्हाइकं कधी वैतागायची, पण यायचीही.

“गाडी कुठली तुमची?”

“पिकअप. सेकंडहँड घेतलीय. मच्छी टाकतो मागे.”

“मग रबरीच न्या. पाणी मारलं की साफ.”

“बायको पण तेच म्हणते.”

“मग अडलंय कुठे?”

कुठे अडलंय ते रेनॉल्डला नीट सांगता आलं असतं तर तो सकाळपासून केबिन रोडचं प्रत्येक मॅटवालं दुकान पालथं घालत हिंडलाच नसता. त्याने खिशातली किल्ली बाहेर काढली, परत खिशात टाकली आणि रस्त्यापलीकडच्या एसटीडी बूथकडे बघत राहिला. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

अडलं होतं ते त्याच्या बापापाशी.

इनास हा चौक गावातला जुना तांडेल. तांडेल म्हणजे होडीवर ज्याचा शब्द चालतो तो. ‘सागरतारा’ नावाची त्याची होडी होती आणि तिच्यावर त्याचं उभं आयुष्य गेलं होतं. रेनॉल्डला समुद्र कधी मानवला नाही. तो भाईंदरच्या एका कारखान्यात टेम्पो चालवायचा, कंपनीचे काळे बूट घालायचा आणि घरी आला की म्हणायचा, पपा, आता मासळी मिळते किती, राबायचं किती, त्यापेक्षा होडी विकून गाडी घेऊ, गावाची मच्छी बाजारात नेऊ. हे त्याने इतक्यांदा म्हटलं की शेवटी एका संध्याकाळी इनास जाळ्यावरून मान वर न करता म्हणाला, “वीक.” बस, एवढंच. भांडला असता तर बरं झालं असतं. आपण बरोबरच सांगत होतो हे रेनॉल्डला अजूनही पटत होतं, आणि तरी तो एक शब्द त्याच्या घशात मासळीच्या काट्यासारखा अडकून बसला होता.

गाडी घोडबंदरला मिळाली. आणायला बापलेक दोघे गेले. गाडीत चढताना इनासने चपला काढून हातात घेतल्या.

“पपा, घालून बसा. गाडी हाय ही,” रेनॉल्ड हसून म्हणाला होता.

“पोटाची वस्तू हाय,” इनास म्हणाला.

होडीवर कोणी पायताण घालून चढत नाही. जिच्यावर आपलं पोट चालतं तिच्यावर चप्पल ठेवायची नसते, हे त्या वस्तीत पोराला चालायला यायच्या आधी कळतं. म्हातारा चपला मांडीवर ठेवून, अनवाणी पाय खालच्या पत्र्यावर टेकवून ताठ बसला. घोडबंदरपासून चौकपर्यंत त्याने तोंडातून अक्षर काढलं नाही. रेनॉल्ड मात्र सारखा बोलत होता. गिअर कसा मऊ पडतो, हॉर्न कसा खणखणीत आहे, मागे पाट्या किती बसतील. घरापाशी गाडी थांबली, तसा इनास उतरला आणि गाडीकडे वळूनही न बघता सरळ किनाऱ्यावर गेला. ज्या जागी ‘सागरतारा’ नांगरलेली असायची तिथे घोट्याएवढ्या पाण्यात जाऊन उभा राहिला. अंधार पडेपर्यंत उभा होता. सुनेने, बर्नडेटने, जेवायला हाक मारली तेव्हा कुठे परतला, तोही हळूहळू, एकेक पाऊल जपून टाकत.

त्या दिवसापासून तो गाडीत बसला नव्हता. बाजाराला चल म्हटलं की गुडघा दुखतो म्हणायचा. ओट्यावर जाळं घेऊन बसायचा, आणि वर भर ऑक्टोबरात पायांत मोजे घालायचा, चर्चला जायचे ते जाड मोजे. पायांना थंडी वाजते म्हणे. ते मोजे धुताना बर्नडेट रोज कुरकुरायची, की म्हातारा पायांना खोबरेल चोपडतो आणि तेल काही निघत नाही. घरात सगळे समजून चुकले होते की इनासला होडी गेल्याचं दुःख आहे आणि त्या दुःखाने तो जरा चळला आहे. रेनॉल्डने रंगाऱ्याकडून गाडीच्या कपाळावर ‘सागरतारा’ लिहून घेतलं, तरी फरक पडला नाही.

आणि उद्या रविवार होता. मिस्सा झाल्यावर चर्चच्या आवारात फादर गाडीला आशीर्वाद देणार होते. नवी होडी पाण्यात उतरते तेव्हा पहिल्या फेरीला घरातला वडीलधारा पुढे बसतो. गाडीचंही तसंच व्हायला हवं होतं. अख्खं चौक बघायला उभं राहणार, आणि इनास गाडीत बसला नाही तर पोराने बापाची होडी बापाच्या मनाविरुद्ध विकली यावर सगळ्या गावाचा शिक्का बसणार. शिक्का बसेल तो बसेल, रेनॉल्डला खरी भीती निराळी होती. हे खरंच असेल तर काय, याची.

“वडील सोबत बसतात का तुमच्या?” मृणालिनीबाईंनी विचारलं. त्या कशा नेमक्या तिथे आल्या, त्याला कळलं नाही.

“बसत नाहीत. बसावेत म्हणून तर आलोय.”

“मग असं सांगा की.” त्या स्टुलावर चढल्या आणि वरच्या फळीवरून एक लाल गुंडाळी काढली. “ही बघा. वरून कार्पेट, खाली नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, जाड थर. सांभाळावी लागते, पण गाडीत बसणाऱ्याला वाटतं की कुणीतरी आपल्यासाठी काहीतरी केलंय.”

रेनॉल्डने लाल मॅटवरून हात फिरवला. मच्छीच्या गाडीत लाल गालिचा. बर्नडेट डोक्यावर हात मारून घेईल. पण चर्चमध्ये अल्तारापुढे घालतात तसला तो रंग बघून त्याला वाटलं, पपाला कळेल. तांडेलाची जागा आहे ही, हे तरी कळेल.

“ही द्या.”

“जोडी आहे. ही उजवी, तुमची. ब्रेक, क्लच, ॲक्सिलेटर यांच्यासाठी कापलेली. आणि ही डावी, बाजूला बसणाऱ्याची. इथेच घालून देऊ?”

“नको, आधी आतला पत्रा धुवायचाय.”

बाईंनी दोन्ही मॅट एकात एक गुंडाळून सुतळीने बांधल्या. रेनॉल्डने गुंडाळी सीटवर आडवी टाकली. मग बर्नडेटने सांगितलेल्या मोठ्या मेणबत्त्या घेतल्या, उद्या फादरच्या हातात द्यायच्या आणि गाडीच्या दोन्ही बाजूंना धरायच्या. सीटवर ठेवल्या तर वळणावर पडून मोडतील, म्हणून कागदाचं ते पुडकं त्याने डाव्या बाजूला खाली पत्र्यावर ठेवलं, दाराला टेकवून.

रेल्वे फाटकात गाडी अडकली. फाटक उघडेना. इंजिन बंद केलं तर सुरू व्हायला कटकट करतं, म्हणून त्याने ते चालूच ठेवलं. स्टिअरिंगवर बोटं वाजवत तो पपाशी काय बोलायचं ते मनात घोळवत राहिला. पपा, चला, एक फेरी मारू. नको, हे फार हलकं. पपा, लोक बघतायत. हे तर भलतंच. पपा, माझं चुकलं. पण चुकलं कुठे होतं? पाठीमागचा रिक्षावाला हॉर्न वाजवून वाजवून थकला, फाटक उघडलं, आणि मुर्धे, राई, उत्तन करत गाडी चौकला पोचली तरी त्याला हवं ते वाक्य सापडलं नव्हतं.

घराशी गाडी लावून तो पलीकडे गेला, डावं दार उघडलं आणि मेणबत्त्यांचं पुडकं उचललं. पुडकं वाकलं. एका टोकाला धरलं तर दुसरं टोक हळूच खाली झुकलं. कागद पत्र्याला चिकटून फाटला होता, आणि एका मेणबत्तीचं बूड वितळून पत्र्याच्या पन्हाळीत बसलं होतं.

त्याने ते नखाने खरवडायला हात घातला आणि झटकन मागे घेतला.

तो वाकला आणि गाडीखाली डोकावला. इंजिनाचा धूर मागे नेणारी सायलेन्सरची नळी डाव्या बाजूने, पत्र्याला जवळजवळ चिकटून गेली होती. आधीच्या मालकाने कधीतरी नळी बदलताना तशीच बसवली असणार. गेले कित्येक दिवस तो ही गाडी चालवत होता आणि त्याला याचा पत्ता नव्हता. पत्ता असणार कसा? तो उजवीकडे बसायचा, कंपनीचे जाड तळाचे बूट घालून.

रेनॉल्ड डाव्या सीटवर बसला. उजव्या पायातला बूट काढला, मोजा काढला आणि तळवा पत्र्यावर टेकवला. मनात ‘आमच्या बापा’ सुरू केलं. लहानपणी ताप मोजायला आई कपाळावर हात ठेवून हीच प्रार्थना म्हणायची. अर्ध्यावरही आला नाही तोच त्याला पाय उचलावा लागला.

आणि पपा घोडबंदरहून आला होता. चपला मांडीवर ठेवून, दोन्ही पाय टेकवून.

ओट्यावर इनास जाळ्याची फाटकी बाजू मांडीवर घेऊन बसला होता. पायांत जाड मोजे होते. रेनॉल्डने त्या मोज्यांकडे पाहिलं, मग समुद्राकडे पाहिलं, जिथे त्या संध्याकाळी म्हातारा घोटाभर पाण्यात उभा होता. सगळ्यांना वाटलं होतं की होडीसाठी उभा आहे. रेनॉल्डला स्वतःची इतकी लाज वाटली की तो काही वेळ नुसता मोकळा पाय हातात धरून बसून राहिला.

का बोलला नाही? चालत्या गाडीत ‘थांब’ म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण त्या दिवशी आपण किती बोलत होतो, किती खुशीत होतो, हे त्याला आठवलं. पोराच्या गाडीत पहिल्याच दिवशी खोट काढायची, हे तांडेलाला जमलं नसणार.

बर्नडेट बाहेर आली. तिने मेणबत्त्या हातात घेऊन पाहिल्या.

“ह्या काय फादरला दाखवायला आनल्यास? सगल्या वाकड्या.”

“गरम पान्यात घालून सरल कर.”

“आनी मॅट?” तिने सीटवरची गुंडाळी बघितली. “लाल? रेनॉल्ड, मी तुना काय सांगितलवतं?”

“परत जातंय मी.”

“आता? आताच आलास ना?”

“मॅट बदलायचीय.”

ओट्यावरून, मान वर न करता, इनास म्हणाला, “राहू दे. लाल चांगली हाय.”

रेनॉल्ड बापाकडे बघत राहिला. बोलायचं ते आता ओठांवर होतं, पण बोललं असतं तर म्हाताऱ्याने इतके दिवस जे झाकून ठेवलं होतं तेच उघड्यावर मांडल्यासारखं झालं असतं, आणि तेही सुनेसमोर. त्याने बूट चढवला आणि गाडी वळवली.

परतीचा तोच रस्ता त्याला संपता संपेना. उत्तनच्या नाक्यावर बस आडवी आली, मुर्ध्याला म्हशी आल्या. फाटक तर त्याच्यासाठीच बंद व्हायचं ठरवून बसलं होतं. दुकान बंद झालं असेल या धास्तीने तो मध्येच सीटवरून अर्धवट उठून रस्ता बघत होता, जणू त्याने गाडी लवकर पोचणार होती. केबिन रोडवर दिवे लागले होते. आत्माराम बँकेतून येऊन दुकानाच्या आत चहा पीत बसले होते, आणि मृणालिनीबाई बाहेर टांगलेली सीट कव्हरं काठीने उतरवत होत्या.

“काय हो, पसंत नाही पडली?”

“पडली. पण मला हिची अजून एक डावी पाहिजे. ही उजवी तुम्ही ठेवून घ्या.”

“म्हणजे दोन्ही डाव्या?”

“हो.”

“अहो, जोडी असते ती. गाडीला डावी बाजू एकच असते.”

“एकावर एक घालायच्यात.”

“आणि ड्रायव्हरच्या पायाखाली काय?”

“ड्रायव्हर बूट घालतो.”

आतून आत्मारामांनी विचारलं, “चुकीचा माल दिला का गं?”

“नाही हो. माल बरोबर आहे, मागणं माझ्या डोक्यात शिरत नाहीये.” त्या रेनॉल्डकडे वळल्या. “उजवी माझ्याकडे कायमची पडून राहील. एकटी उजवी कोण घेणार?”

रेनॉल्डने उजवी मॅट त्यांच्यापुढे ठेवली. मग खाली बघत म्हणाला, “माझे पपा चपला काढून बसतात गाडीत. सायलेन्सरच्या नळीने खालचा पत्रा तापतो. मला माहीत नव्हतं.”

मृणालिनीबाईंच्या तोंडावर पुढचा प्रश्न होता. तो त्यांनी विचारला नाही. काठी भिंतीला टेकवली, स्टूल ओढलं आणि वरच्या फळीवरच्या सगळ्या गुंडाळ्या एकेक करून खाली घेतल्या.

“त्याच लालमध्ये दुसरी नाही. ही जरा काळपट लाल आहे, नमदा मात्र हिचा जास्त जाड. चालेल?”

“चालेल.”

“खाली काळपट घाला, वर ही. वरची दिसते,” त्या म्हणाल्या. “आणि ती नळी दुरुस्त करून घ्या. मॅट म्हणजे काही इलाज नव्हे.”

“सोमवारी नेतोय गॅरेजला. उद्या रविवार आहे.”

सकाळी मिस्सा सुटली तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. चर्चच्या आवारात पिकअप धुऊन उभी होती. कपाळावर झेंडूची माळ, दोन्ही बाजूंना बर्नडेटने कोमट पाण्यात मळून सरळ केलेल्या मेणबत्त्या. सरळ म्हणजे दुरून सरळ. फादरनी प्रार्थना म्हटली, गाडीभोवती फिरून पवित्र पाणी शिंपडलं, आत केबिनमध्येही शिंपडलं. लोक अर्धवर्तुळ करून उभे होते. गाडीकडे कुणीच बघत नव्हतं. सगळे इनासकडे बघत होते, आणि तो लोकांच्या मागे, भिंतीच्या सावलीत उभा होता.

“इनास,” फादर म्हणाले, “पहिल्या फेरीला तू ना?”

रेनॉल्डने डावं दार उघडलं. रात्रभर घोळवलेलं एकही वाक्य त्याला आठवलं नाही. तो दार धरून उभा राहिला.

लोक बाजूला झाले. इनास हळूहळू गाडीपाशी आला आणि दारातून आत बघितलं. सीटपुढच्या जागेत लाल मॅट होती, तिच्या कडेखालून दुसऱ्या, काळपट लाल मॅटची कड डोकावत होती. पलीकडे, ड्रायव्हरच्या पायांशी, उघडा पत्रा होता. म्हाताऱ्याने हात आत घालून मॅट दाबली, होडीची फळी तपासावी तशी, कडेला, मध्ये, पुन्हा कडेला. मग त्याने रेनॉल्डकडे बघितलं. रेनॉल्डने दाराच्या कडीवर नजर खिळवली होती.

“तुझी कय हाय?” उघड्या पत्र्याकडे बोट करून इनासने हळू विचारलं.

“दुकानवालीची चूक झाली, पपा. दोन्ही डाव्या दिल्या.”

“हां.”

इनासने चपला काढल्या. मग गाडीच्या पायरीवर बसून एकेक मोजा काढला आणि नीट घडी करून खिशात ठेवला. त्याच्या तळव्यांवरची कातडी नवी होती, कोवळी, गुलाबी. वाळूत आणि फळ्यांवर आयुष्य काढलेल्या माणसाचे ते पाय वाटत नव्हते. मेणबत्ती धरून उभ्या असलेल्या बर्नडेटला ते दिसले. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग मोजे गेले त्या खिशाकडे. धरलेली मेणबत्ती तिरकी झाली आणि मेण तिच्या हातावर ओघळलं.

म्हातारा आत चढून बसला. चपला मांडीवर घेतल्या, पाय मॅटवर टेकवले.

रेनॉल्ड गाडीला वळसा घालून आपल्या बाजूला आला. दार उघडलं, एक पाय वर ठेवला आणि थांबला. मग त्याने पाय खाली घेतला, वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या. काळे बूट, त्यांत कोंबलेले मोजे, सगळं त्याने सीटच्या मागे टाकलं आणि अनवाणी चढून स्टिअरिंगमागे बसला. क्लचचं पेडल तळव्याला विचित्र लागलं. इतकी वर्षं गाडी चालवून आज पहिल्यांदाच ती पायाला लागत होती.

गाडी आवारातून निघाली. पोरं मागे धावली आणि वळणावर दमून थांबली. रेनॉल्डने गावातून गाडी घेतली, सुकायला घातलेल्या बोंबलांच्या काठ्यांजवळून नेली, मग उत्तनच्या रस्त्याला लावली. फेरी मोठी असावी असं त्याला वाटत होतं. इनास समोर बघत होता. 

सायलेन्सर डावीकडे होता खरा, पण पत्रा एकच होता. उत्तनच्या चढावर इंजिन घरघरायला लागलं आणि ऊब हळूहळू उजवीकडे सरकली. रेनॉल्डने टाच जरा उचलली, बोटांवर भार घेतला, मग बोटं उचलून टाच टेकवली. चढ संपला तरी हा खेळ चालूच होता. चेहरा त्याने शांत ठेवला होता. निदान त्याला तसं वाटत होतं.

“थांबव,” इनास म्हणाला.

रेनॉल्डने गाडी माडांच्या सावलीत बाजूला घेतली.

“पाय भाजतान?”

“न्हाय, पपा.”

इनासने मान हलवली. खिडकीतून थोडा वेळ बाहेर बघितलं. खाली समुद्राला ओहोटी लागली होती, आणि चिखलात कलंडलेल्या होड्या भरतीची वाट बघत होत्या.

“मनाबी न्हवतं भाजलं,” तो म्हणाला.

मग तो वाकला, आपल्या पायांखालची वरची मॅट ओढून काढली आणि वाऱ्यावर झटकली. ती त्याने पालथी करून रेनॉल्डच्या पायांकडे सरकवली. लाल बाजू खाली, करड्या नमद्याची वर. डाव्या बाजूसाठी कापलेला तिचा कोपरा आता बरोबर उजव्या कोपऱ्यात बसेल असा झाला. ब्रेकखाली अडकू नये म्हणून म्हाताऱ्याने तिची पुढची कड आत दुमडली.

“उलटी केली का डावीची उजवी व्हते,” तो म्हणाला. “पाय उचल.”

रेनॉल्डने पाय उचलले.